पिठाची मर्यादा

गिरणीत दिवसाचं पहिलं दळण कुणाचंही असो, त्यात थोडं काल संध्याकाळच्या गिऱ्हाइकाचं पीठ असतंच. दगडांच्या फटीत, खोक्याच्या कोपऱ्यात मूठभर राहून जातं, आणि नवं धान्य आलं की ते जुन्याला पुढं ढकलतं. कितीही झाडा, राहतंच. त्यामुळे आमच्या गावात कोणी कोणाच्या घरचं खात नव्हतं, तरी प्रत्येकानं प्रत्येकाच्या घरचं खाल्लेलं आहे. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. मीही बोलले नाही. गिऱ्हाईक तोडायचं नसतं.

मी मार्था. शाळा चौथीपर्यंत. कामरगावच्या बाजूला एका खेड्यात माझे मालक याकोब आणि मी डिझेल इंजिनवर पिठाची गिरणी चालवत होतो. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. इंजिन त्यांचं, दगड माझे, अशी आमची वाटणी.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळ अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला. विषय दिला, पैशाची चिंता देवानं कशी दूर केली. आधीच सांगते, देवानं पैसे दिले नाहीत. ज्यांना तसलं वाचायचं आहे त्यांनी पान उलटावं.

बाहेरच्यांना वाटतं, गिरणी म्हणजे वरून धान्य ओतलं की खालून पीठ. आधी इंजिन सुरू करावं लागतं. एका हातानं वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं हँडल मारून जड चाक फिरवत राहायचं, आणि वेग आला की वॉल सोडून द्यायचा. सोडला की इंजिन धरतं, नाहीतर धापा टाकून थांबतं. धरलं की नाही ते हाताला आधी कळतं, कानाला नंतर. धुराच्या नळीवर आम्ही एक डबडं अडकवलं होतं. त्याची पुक-पुक शिवारापर्यंत जाई, मग बाया दळण डोक्यावर घेऊन निघत.

मग दगड. ते झिजून गुळगुळीत झाले की पीठ दळत नाहीत, भाजतात. छिन्नी-हातोडी घेऊन त्यांना खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात, आणि ते काम मी करायची. टाकी लावल्यावर पहिलं दळण दाताखाली कचकचतं, म्हणून आधी कोंडा दळून फेकायचा. कोंड्याची कंजुषी करणारा गिरणीवाला गिऱ्हाइकाचे दात खातो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि तीच कोणी ऐकत नाही. ताजं पीठ गरम असतं. त्याला लगेच झाकण लावायचं नाही. वाफ कोंडली की पीठ ओल धरतं, कडू होतं, मग त्यात जाळं धरतं. याकोब प्रत्येकीला ओरडून सांगत, "झाकण लावू नको वं बाई, निवू दे त्याले आधी!"

ओरडून, कारण इंजिनानं त्यांचे कान नेले होते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही, असा त्यांचा समज. दिवसभर इंजिनाच्या वरताण आवाजात गीतं गात. सूर कधी लागला नाही. गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरच्या बायांना आमची अर्धी भजनं पाठ झाली होती, आणि त्या ती याकोबच्याच चुकीच्या चालीत म्हणत. आमचं नवरा-बायकोचं भांडणही कधी खासगी झालं नाही. मी बोलले ते त्यांना ऐकू यायचं तर गावालाही ऐकू जाणारच.

त्या आवाजाचा एक उपयोग होता. सासुरवाशिणी गिरणीत येऊन रडत. दळण गिरणीच्या तोंडाशी चाड्यात ओतायचं, पोत्यावर बसायचं, पदर तोंडाला लावायचा. इंजिन चालू असेपर्यंत कोणाला ऐकू जात नाही. एक नवी सून तर शेरभर ज्वारी घेऊन रोज यायची. मी तिचं दळण मुद्दाम हळू सोडायची. डिझेल जायचं. जाऊ दे म्हणायची. घरी जाताना ती तोंड पुसायची, आणि पीठ लागल्यामुळं आणखीच रडल्यासारखी दिसायची.

गिऱ्हाइकांत सगळ्यांत चिकट सेठाणीबाई. कापडदुकानवाल्या जैन घरातल्या वयस्कर बाई, अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. घरी जातं होतं, पण हात दुखायला लागले म्हणून गिरणीवर येऊ लागल्या. गड्याच्या हाती दळण कधी पाठवलं नाही. दिवस चांगला उजाडल्यावर यायच्या, कारण अंधारात किडा-मुंगी दिसत नाही. मला ब्रशनं खोकं झाडायला लावायच्या, आणि गव्हात एखादा किडा निघाला तर तो चिंधीवर उचलून माझ्या दाराच्या सावलीत नेऊन ठेवायच्या. किडा त्यांचा, सावली माझी.

घरी धान्याच्या कोठ्या भरलेल्या, आणि दळायला आणायच्या एवढंसं. पावसाळ्यात तीन दिवसांचं, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढं पीठ ठेवायचं नाही, त्याची मर्यादा संपते, असा त्यांचा धर्म. मला ते परवडत नव्हतं. मूठभर दळणासाठी दगड झाडा, पुन्हा लावा.

एकदा म्हटलं, "सेठाणीबाई, महिन्याचं एकदाच दळून ठेवा ना. तुमचे पाय वाचतीन, माह्यं डिझेल वाचंन."

"अवं मार्था, गहू राह्यते वर्षभर. पीठ नाई राह्यत. त्याचं साल काढलं, थे उघडं पडलं. उघड्याले मर्यादा असते."

"कोठी भरलेली असली का माणसाले अशा गोष्टी सुचते."

"कोठी भरलेली असते म्हणूनच तर मर्यादा लागते," त्या म्हणाल्या आणि चिमटीत पीठ घेऊन बघू लागल्या. "जाडं आलं. पुन्हा घाल."

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमची मुलगी रूथ सतरा-अठरा वर्षांची होती. एकच मूल. तिला दूरच्या एका मिशन दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. नाव लागलं होतं, पुढच्या पावसाळ्यात जायचं होतं. दोन पांढरी लुगडी, अंथरूण, ताट-वाटी, पेटी, बसचं भाडं, आणि पहिल्या महिन्यांचे जेवणाचे पैसे आधी भरायचे. पेटी तेवढी याकोबनं दुष्काळाआधीच घेऊन ठेवली होती. हिरव्या रंगाची, पत्र्याची. झाकणावर कोणी रंगाऱ्यानं कमळ काढलेलं. ती बाजेखाली सरकवून ठेवली होती.

मग धान्यच संपलं. रेशनवर लाल ज्वारी येऊ लागली, परदेशातून आलेली. तिचं पीठ विटकरीसारखं दिसे आणि भाकर थापताना फाटे. तांड्यावरची एक म्हातारी मला म्हणाली, "मार्थाबाई, हे माणसायचं हाय का घोड्यायचं?" मी म्हटलं, "घोडा नाई आपल्याकडं, आपणच खाऊ." तांड्यावरचे लोक निम्मे बाहेर कामाला निघून गेले. जे राहिले त्यांच्याकडं दळणाचे पैसे नव्हते. त्यांच्याकडून आम्ही मूठ घेत होतो. म्हणजे दळण झालं की त्यातलं मूठभर पीठ गिरणीत ठेवून जायचं. ती पूर्वीपासूनची रीत होती. त्या मुठींवर आमचं घर चालत होतं. डिझेल मात्र मुठीनं मिळत नव्हतं.

मी तोंडानं काळजी करायची. सकाळी उठल्यापासून डिझेल, इंजिनाचा पट्टा, लुगडी, भाडं, जेवणाचे पैसे. आमच्या शास्त्रात, बायबलात, एक मार्था आहे, तिलाही प्रभूनं तू फार गोष्टींची दगदग करतेस म्हणून सांगितलं होतं. आईबापानं नाव ठेवताना विचार केला नाही. याकोब काळजी पोटात करायचे. वरून गीत, आतून हिशेब. बाजारातला एक दुकानदार आमची गिरणी विकत मागत होता. गावात वीज येणार होती, त्याला मोटर बसवायची होती. याकोब त्याला नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते.

पुढच्या वर्षी पाऊस आला, पण पेरलेलं हाताशी यायला वेळ होता. पिठाचे भाव चढलेले. मला वाटत होतं, घरात येणाऱ्या मुठी कमी झाल्यात. विचारलं तर याकोब म्हणत, "सोडून देतो गं. गरीब लोक हायत." ख्रिस्ती माणसानं सोडून देण्यावर बायकोनं काय बोलायचं?

रूथच्या जायच्या आठवड्यात मी बाजेखालून पेटी ओढली. ती हलेना. रूथनं दुसरी कडी धरली, तेव्हा कशीबशी बाहेर आली. झाकण उघडलं आणि दोघी मागं सरलो. आंबूस, कडू वास. वर पांढरं जाळं, मलमलीसारखं, आणि जाळ्याखाली सगळं वळवळत होतं. काठोकाठ पीठ. गव्हाचं, ज्वारीचं, लाल, सगळ्या गावाचं.

"माय," रूथ म्हणाली, "माह्या पेटीत हे काय व्हय?"

मी याकोबना गिरणीतून ओढून आणलं. इंजिन चालू, पट्टा चालू, गिऱ्हाईक तसंच उभं. ते पेटीजवळ उकिडवे बसले. हात घातला, वर काढला, बोटांवर अळ्या.

"हे काय केलं?" मी ओरडले.

"जमवलं," ते म्हणाले. "मुठी जमवल्या. भाव हाय ना. बाजारात विकलं असतं तर तिच्या जेवणाचे पैसे..."

"गरम टाकलं? रोज गरम टाकलं अन् झाकण लावलं? तुमी?"

"पसरून ठेवलं असतं तर तुले दिसलं असतं."

अख्ख्या गावाला झाकण लावू नका म्हणून ओरडणारा माणूस. मला हसू यायला पाहिजे होतं. नाही आलं.

"शास्त्र तोंडपाठ हाय ना तुमाले?" मी म्हटलं. "अरण्यात आभाळातून खायले मान्ना पडे, आजचा आज खा म्हटलं होतं. ज्यानं उद्यासाठी ठेवला त्याचं काय झालं? किडे पडले. दर वर्षी वाचून दाखवता, अन् घरात पेटीभर मान्ना!"

रूथ म्हणाली, "माय, पुरे." गिरणीत उभी असलेली गिऱ्हाइकं दाराशी येऊन उभी राहिली होती. त्यांत सेठाणीबाई.

पेटी आम्ही दोघींनी मागच्या उकिरड्याकडं नेली. मी ती उलटी करणार तेवढ्यात सेठाणीबाई मागून म्हणाल्या, "हळू ओत वं. अन् उन्हात नको, थ्या झाडाखाली ओत."

अळ्यांसाठी. माझ्या पोरीचं शिक्षण त्या पेटीत कुजलेलं, आणि बाईंना अळ्यांना ऊन लागेल याची काळजी. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरी असती तर निघून गेली असती. त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी झाडाखाली हळू ओतलं. मग त्या म्हणाल्या, "थोडं थोडं येते, थोडं थोडं खा. उद्याचं उद्या दळजो. गिरणी तुह्यी हाय ना?" आणि आपलं तीन दिवसांचं पीठ घेऊन गेल्या. दिलं काही नाही. त्यांनी द्यावं असं मला वाटलंही नाही.

याकोब म्हणाले, सोमवारी दुकानदाराला गिरणीचा हो सांगतो. मी म्हटलं, सांगा. दुसरं होतं काय?

मधे रविवार आला. आमची मंडळी लहान, थोडीशी घरं. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली. पाळक वाशीमकडून कधीमधी येत, एरवी याकोबच वाचत. त्या रविवारी त्यांचा आवाज बसला होता. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आम्ही दर रविवारी म्हणतो, मी लहानपणापासून म्हणत आले. तिच्यात भाकर मागायची असते. ती आजची मागायची असते. महिन्याची नाही, पेटीभर नाही. हजार वेळा म्हटलं असेल, पण त्या दिवशी त्या एका शब्दाशी मी अडले. बाकीचे पुढं गेले, मी तिथंच राहिले. आज. आज घरात भाकर होती का? होती. लाल होती, फाटलेली होती, पण होती. काल होती का? होती. दुष्काळात एकाही दिवशी नव्हती असं झालं नाही. हे सगळं मला आधीही माहीत होतं. मग त्या दिवशीच काय झालं ते नीट सांगता येत नाही. इंजिनाचं चाक फिरवत राहतो, फिरवत राहतो, हात भरून येतो, आणि एका वळशाला ते धरतं. तसं धरलं. हाताला कळलं.

बाहेर आल्यावर मी याकोबना म्हटलं, "गिरणी इकू नका."

"काय?"

"गिरणी इकू नका!" सगळ्या मंडळीनं ऐकलं.

"मग तिचे जेवणाचे पैसे?"

"जेवढे हायत तेवढे रूथ घेऊन जाईन. तिकडं गेल्यावर सांगंन, एवढेच हायत. नाई म्हणाले तर परत येईन. भाकर काई बंद नाई झाली आपल्याकडं."

"रूथची माय," ते म्हणाले, "तुले भेव नाई लागून राह्यलं?"

मी मनात शोधलं. खरंच नव्हतं. इतक्या वर्षांचा जो खडा पोटात होता, तो जागेवर नव्हता. पैसे तेवढेच कमी होते.

पेटी रूथनंच घासली. राखेनं, मग कडुनिंबाच्या पाण्यानं, मग दोन दिवस उन्हात. एक लुगडं नवं, एक माझं जुनं ब्लीचिंग करून पांढरं केलेलं. दवाखान्यात तिनं जसं होतं तसं सांगितलं. तिथल्या मोठ्या सिस्टरनं तिला सकाळी स्वयंपाकघरात कणीक मळायला लावलं आणि जेवणाचे पैसे त्या कामात वळते केले. गिरणीवाल्याची पोरगी, कणकेला ती काय भिणार? कोणी म्हणेल योगायोग. मी म्हणत नाही, पण भांडायलाही जात नाही.

त्यानंतर पैशाची काळजी माझ्याकडं पुन्हा राहायला आली नाही. पैसे कमी-जास्त झाले. विजेची गिरणी झाली, आमचं गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं, पट्टा तुटला, दगड बदलायला जमलं नाही. काळजी यायची, दाराशी उभी राहायची, मी तिला बस म्हणत नव्हते. याकोब पुन्हा गाऊ लागले, तसेच बेसूर. तांड्यावरची ती म्हातारी म्हणायची, "आता बरं वाटते, गिरणी चालू हाय असं वाटते."

इथं लिहिणं थांबवलं तर अंकवाल्यांना बरं वाटेल. पण मला खरं लिहायचं आहे.

रूथला पाठवायची आम्ही एवढी काळजी केली की ती गेल्यावर घर कसं दिसेल याचा विचार केलाच नाही. पैशाची काळजी दारात एवढी मोठी उभी होती की तिच्या मागं काय उभं आहे ते दिसलं नाही. ती बाजूला झाली, आणि मागचं आत आलं. ती बसमध्ये बसली, टपावर हिरवी पेटी, आणि गाडी वळणावर गेली. त्यानंतर माझी मुलगी माझ्या घरी राहिली नाही. पाहुणी म्हणून आली. नाताळात चार दिवस, कधी दोन. पुढं मोठ्या शहरातला दवाखाना, मग आखातातला, मग तिथंच लग्न, मुलं, आता नातवंडं. चांगली नर्स झाली, शेकडो लोकांना बरं केलं असेल. मला अभिमान आहे. अभिमानाला भाकर वाढता येत नाही.

याकोब गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. इंजिन भंगारात गेलं. कधीकधी विहिरीवर कोणी जुनं इंजिन लावतं आणि पुक-पुक ऐकू येते. मी हातातलं काम सोडून थांबते. त्यावर गाणं येईल असं वाटतं. नुसतंच इंजिन चालत राहतं.

आता मला पैसे कमी नाहीत. रूथ पाठवते. तयार पिठाची पुडी मिळते, तिच्यावर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. मी घेत नाही. पावसाळ्यात तीन दिवसांचं, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. विजेच्या गिरणीवाला पोरगा कंटाळतो, म्हणतो, "आजी, एकदाच आणत जा ना." मी म्हणते, "जाडं आलं. पुन्हा घाल." सेठाणीबाई असत्या तर खूश झाल्या असत्या. चेहऱ्यावर दाखवलं नसतं.

रविवारी रूथचा फोन येतो. "माय, काई पाह्यजे का?"

"काई नाई."

"पैसे?"

"हायत."

"मंग?"

मी म्हणते, "मंग काई नाई."

मागच्या नाताळाला येते म्हणाली होती. मी तिच्यासाठी वेगळे गहू निवडले, वेगळं दळून आणलं, वेगळ्या डब्यात भरलं. मग तिच्या सुनेचं बाळंतपण निघालं, तिला येता आलं नाही. सात दिवस झाले. दहा झाले. माझं पीठ संपलं तरी मी त्या डब्याला हात लावला नाही. महिना उलटल्यावर झाकण काढलं तर कडेला पहिलं जाळं धरलेलं. ओतायला झाडाखाली नेलं, आणि नेऊनसुद्धा कितीतरी वेळ तसंच मांडीवर धरून बसले, याकोब पेटीशी बसले होते तसं.

तेव्हा कळलं. त्या माणसाला पीठ विकायचं होतं, हे खरं असेल. पण बाजाराचे किती दिवस येऊन गेले, आणि त्यानं एकदाही पेटी नेली नाही. रोज एक मूठ टाकत राहिला. पेटीत पीठ होतं तोवर तिचे कपडे त्यात जाणार नव्हते.

मी त्याला किती बोलले. सगळ्या गावासमोर.

यंदा येते म्हणाली आहे. गहू निवडून ठेवलेत.